फोनवर सांगितलेल्या दहा बायका

खून, दरोडे, दंगली, सगळं पाहिलं मी नोकरीत. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. पण फूटपाथवर फुलं विकण्याची एक किरकोळ केस मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. तिच्यात रक्त सांडलं नाही, कुणी फरार झालं नाही. तुमची सगळ्यात मोठी केस सांगा म्हणून नातवंडं मागे लागतात तेव्हा मी हीच सांगायला घेतो, आणि पिस्तूल निघत नाही हे कळल्यावर ती हिरमुसली होऊन उठून जातात. जाऊ देत. वाचकांनी तसं करू नये एवढीच विनंती. माणसांची नावं मी देणार नाही.

साठच्या दशकाची सुरुवात असेल. मद्रासच्या जॉर्ज टाउनमधल्या एका ठाण्याचा मी प्रमुख सब-इन्स्पेक्टर होतो. ह्याच ठाण्यात पाच वर्षांपूर्वी मी दुय्यम म्हणून काम केलं होतं. मध्ये दोन ठिकाणी बदली होऊन पुन्हा तिथेच आलो होतो. इन्स्पेक्टरच्या बढतीची यादी लवकरच निघणार होती आणि तीत माझं नाव वरच्या बाजूला आहे असं मला दोघा-तिघांनी कानात सांगितलं होतं. त्यामुळे स्वारी खुशीत होती.

अशात एका सकाळी टपालातून परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या कौन्सिलचं पत्र आलं. इस्पितळात प्रशिक्षण पुरं केलेल्या मुलीला नर्स म्हणून काम करायचं तर कौन्सिलकडे नोंदणी करून परवाना घ्यावा लागे. अर्जात एक रकाना असे : तुम्हाला कधी अटक झाली आहे काय, असल्यास तपशील द्यावा. शंभरातल्या शंभर मुली तिथे ‘नाही’ लिहून मोकळ्या होत. ह्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘होय. पाच वर्षांपूर्वी, सतरा वर्षांची असताना, फूटपाथवर फुलं विकल्याबद्दल जॉर्ज टाउनच्या पोलिसांनी अटक केली. त्याच संध्याकाळी सोडून दिलं. कोर्टात नेलं नाही.’ हे खरं आहे काय, एवढंच कौन्सिलने आम्हाला विचारलं होतं.

ठाण्यातला लिहिण्यावाचण्याचा सगळा कारभार ज्याच्याकडे असतो त्या शिपायाला आमच्याकडे रायटर म्हणतात. आमचा रायटर जुन्या रजिस्टरांच्या गठ्ठ्यात शिरला आणि अर्ध्या तासाने शर्टभर धूळ घेऊन बाहेर आला. त्याने किरकोळ केसेसचं रजिस्टर माझ्यापुढे उघडून ठेवलं. रस्त्यात अडथळा केल्याबद्दल दहा बायका पकडल्याची नोंद होती. दहावं नाव ह्या मुलीचं, बापाचं नाव आणि पत्ता बरोबर. पुढे लिहिलं होतं : दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मॅजिस्ट्रेटपुढे हजर, गुन्हा कबूल, दंड भरला. जोडीला मुचलका होता, म्हणजे उद्या कोर्टात हजर राहीन असं लिहून दिलेला कागद. त्यावर ठसठशीत अंगठा.

मी मनाशी म्हणालो, सापडली! पोलिसात भरती झाल्यावर पहिल्या वर्षी शिकवतात ते हेच, की मुरलेला माणूस सगळं नाकबूल करत नाही. तो लहान गोष्ट आपण होऊन कबूल करतो आणि तिच्या आड मोठी लपवतो. अटक सांगितली, शिक्षा गिळली. कौन्सिलचा नियम कडक होता. अर्जात खोटं लिहिलेलं सिद्ध झालं तर अर्ज रद्द, आणि पुन्हा कधीही अर्ज करायचा नाही. म्हणजे साडेतीन वर्षांचं शिक्षण पाण्यात. मी रायटरला उत्तर लिहायला सांगणारच होतो. पण माझी एक सवय होती, कुणाचं अन्न तोडायचं असेल तर आधी त्याचं तोंड एकदा बघायचं. म्हणून तिला बोलावणं धाडलं.

ती आईला घेऊन आली. पांढरी साडी, केस घट्ट बांधलेले, रात्रपाळी करून तशीच आलेली. मी तमिळमध्ये दरडावून विचारायला सुरुवात केली. ती शांतपणे तमिळमध्ये उत्तरं देत होती. शिक्षा झाल्याची नोंद मी तिच्यापुढे सरकवली तेव्हा मात्र तिचा रंग उडाला.

“हे माझं नाही, सार,” ती म्हणाली. “मी कोर्टाचं दार पाहिलेलं नाही.”

“मग हे भुताने लिहिलं?”

एवढ्यात मागे उभी असलेली आई कपाळावर हात मारून घेत लेकीवर उखडली, आणि ती कोणत्या भाषेत बोलते आहे ते ऐकून मी खुर्चीतच वळलो.

“लिहूं नको म्हणून हजारदां सांगितलें! कसाला लिहिलीस? तुझ्या संगातींनी कोणी लिहिलें काय? आतां भोग!”

ही आमची तंजावरची मराठी. माझे वाडवडील तिथलेच. पुण्या-मुंबईचे पाहुणे घरी आले की आमची बोली ऐकून गालातल्या गालात हसायचे आणि आम्ही ओशाळून इंग्रजीत शिरायचो. ही बाई तंजावरकडच्या मराठी शिंप्यांच्या घरातली. नवरा गेल्यावर मद्रासला आली, सुई चालेना म्हणून फुलांचे गजरे विणून विकू लागली.

“अम्मा, तुम्ही आमच्यांतल्याच की,” मी मराठीत म्हणालो.

बाईने माझ्याकडे पाहिलं. “तुमच्यांतली होऊन काय उपयोग? धरून नेलें तें तुमच्याच माणसांनी.”

मुलीने आईच्या दंडाला हात लावून तिला गप्प केलं आणि मला म्हणाली, “सार, मैत्रिणींनी सांगितलं होतं, कोण बघायला जातंय, ‘नाही’ लिही. पण वॉर्डात आम्ही रोज तक्ता लिहितो. ताप एकशे तीन असताना नव्व्याण्णव लिहिला तर रोगी मरतो. तसं लिहायचा माझा हात नाही.”

“मग त्या दिवशी काय झालं ते सांग.”

तिने सांगितलं. आई तापाने अंथरुणाला खिळलेली, म्हणून शाळेतून येऊन ही आईच्या जागेवर टोपली घेऊन बसली. एस.एस.एल.सी.ची, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा चालू होती, दुसऱ्या दिवशी सकाळी गणिताचा पेपर. गिऱ्हाईक नसेल तेव्हा मांडीवर पुस्तक. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली आणि सगळ्या बायकांना कोंबून ठाण्यात आणलं. तिथे मोठ्या मिशांचे एक एट्टय्या होते. हेडकॉन्स्टेबलला मद्रासमध्ये एट्टय्या म्हणतात. त्यांनी तिच्या हातातलं पुस्तक पाहिलं, चार प्रश्न विचारले, आणि अंधार पडायच्या आत मागच्या दाराने तिला घरी धाडलं. जाताना म्हणाले, जा, अभ्यास कर, तुझं संपलं.

“अंगठा दिला होतास?”

“मी अकरावीत होते, सार. मला सही येत होती.”

ह्याने काही सिद्ध होत नव्हतं. आमच्या ठाण्यात बाई दिसली की रायटर विचारपूस न करता शाईचं पॅड पुढे करायचा. बी.ए. झालेल्या बाईचाही अंगठा घेतल्याचं मी पाहिलं आहे. मी मायलेकींना घरी पाठवलं. मुलगी जाताना दारात थांबली.

“कौन्सिलची बैठक पुढच्या महिन्यात आहे, सार. तोपर्यंत इस्पितळाने मला ठेवून घेतलंय. त्यानंतर वॉर्डात पाय ठेवता येणार नाही.”

मुलगी खरं बोलते आहे असं मला वाटू लागलं होतं. पण वाटण्यावर रिपोर्ट लिहिता येत नाही. मी रजिस्टर पुन्हा ओढलं आणि ह्या खेपेला नोंदीखालची सही वाचली.

ती माझी होती.

मग सगळं आठवलं. रस्ते मोकळे करायची मोहीम निघाली होती. प्रत्येक ठाण्याने किती माणसं पकडली तो आकडा दुपारी वरच्या ऑफिसला फोनने कळवायचा असे. त्या दिवशी फोनवर मीच होतो. गाडी दारात उभी राहिली, बायका उतरल्या, मी खिडकीतून मोजल्या आणि ऐटीत सांगून टाकलं, “दहा, सर!” पलीकडून शाबासकी मिळाली. दुसऱ्या दिवशी कागद पुढे आले तेव्हा दहा नावं होती, दहा अंगठे होते, मी न बघता सह्या ठोकल्या. जो माणूस मुलीला खोटी ठरवायला निघाला होता, त्यानेच तो कागद खरा म्हणून लिहून दिलेला होता! मला स्वतःचा असा संताप आला की मी पहाऱ्यावरच्या शिपायावर उगाचच ओरडलो.

त्या संध्याकाळी साध्या कपड्यांत फुलबाजारात गेलो. त्या जुन्या नावांपैकी एक बाई अजून त्याच कोपऱ्यावर बसत होती. गजरा विणता विणता बोलणारी, आणि बोलता बोलता टिंगल करणारी. मी गजरा घेतला आणि विषय काढला. तिने मला पहिल्या वाक्यातच ओळखलं.

“बायकोला गजरा नेणारा पोलीस पहिल्यांदाच बघते, सार. विचारा काय विचारायचं ते.”

“त्या दिवशी कोर्टात तुम्ही किती जणी होतात?”

“दहा.”

“आणि गाडीत?”

“दहाच की.” तिने दोरा दातांनी तोडला. “पण त्याच दहा नव्हत्या. शिंपिणीची पोर संध्याकाळीच घरी गेली. सकाळी कोर्टात आमच्यात ती विड्याची पानं विकणारी येऊन उभी राहिली. कोर्टाच्या फाटकाशी बसते ना, ती. एट्टय्यांनी उभी केली. मॅजिस्ट्रेटनी पोरीचं नाव पुकारलं, ही पुढे झाली, ‘चुकलं सामी’ म्हणाली, आणि पुन्हा पानं विकायला गेली. आम्ही पदर तोंडात धरून हसत होतो.”

“मग तेव्हा बोललात का नाही?”

“आम्हाला कुणी विचारलं?”

पाच वर्षं ही गोष्ट सगळ्या फुलबाजाराला ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त ठाण्याला. पोलिसाला खबर मिळत नाही असं जेव्हा म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्याने विचारलेलं नसतं.

एट्टय्या निवृत्त होऊन मद्रासजवळच्या आवडी गावात राहत होते. मुलगा तिथल्या संरक्षण कारखान्यात होता, त्याच्या क्वार्टरमागे त्यांनी वांगी लावली होती. दुसऱ्या दिवशी उपनगरी गाडीने मी तिथे पोचलो तेव्हा ते वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, खोचून आळी करत होते. मला बघताच सवयीने टाचा जुळवल्या. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण तशाच भरघोस होत्या. सुनेने कॉफी आणून दिली. मी केस सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि डोळ्यांत डोळे घालून म्हणाले, “असं काही झालं नाही, सार. दहा पकडल्या, दहा नेल्या. रजिस्टर बोलतंय ना?”

ह्या माणसानेच मला चौकशी शिकवली होती. गुन्हेगार पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरतो तेव्हा तो फुटायला आला समजावं, हे त्यांचंच वाक्य. त्यांचा कॉफीचा पेला एका हातात ताठ होता. मी दोन तास बसलो. गोडीने विचारलं, आडून विचारलं, फुलवालीचं नाव न घेता तिने सांगितलेलं सांगितलं. ते हसले. “बाजारातल्या बायका रोज नवी गोष्ट विणतात, सार.”

शेवटी मी उठलो, तर ते फाटकापर्यंत आले आणि आवाज खाली करून म्हणाले, “माझं ऐका. त्या नोंदीखाली सही कुणाची आहे? बढतीची यादी निघायची आहे ना? मग जुनं मढं कशाला उकरता? पोरीचं वाईट वाटतं मला. पण तुम्हाला बुडवून मी तिला वर काढणार नाही.”

म्हणजे हा म्हातारा मलाच वाचवत होता! खरं सांगायचं तर परतीच्या गाडीत आवडीपासून पार शेवटच्या स्टेशनापर्यंत मी विचार करत होतो, की कौन्सिलला ‘रजिस्टरप्रमाणे नोंद आहे’ एवढंच कळवावं. त्यात अक्षरही खोटं नव्हतं. कुणी मला दोष देऊ शकलं नसतं. त्या मुलीनेही दिला नसता, कारण तिला ती सही कुणाची ते माहीतच नव्हतं. हा मोह मला झाला, हे मी इथे लिहून ठेवतो.

पण मुलीचं एक वाक्य डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी गणिताचा पेपर. ती सांगताना मी ते ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. कोर्टात केस पुकारली गेली तीही दुसऱ्या दिवशी सकाळी! माणूस एका वेळी दोन ठिकाणी बसू शकत नाही, मग तो कितीही मुरलेला असो.

परीक्षेचं केंद्र तिच्याच मुलींच्या शाळेत होतं. तिथल्या हेडमिस्ट्रेसबाई कपाटाची किल्ली पदराला बांधून हिंडणाऱ्यांतल्या. पोलीस शाळेत आला हेच त्यांना पसंत नव्हतं.

“आमच्या मुलीने काय केलं?” त्यांनी विचारलं.

“खरं लिहिलं, मॅडम. म्हणून अडकली आहे.”

त्यांनी चष्म्यातून मला नीट पाहून घेतलं, कपाट उघडलं आणि परीक्षेचं हजेरीपत्रक काढून दिलं. बाईंनी ते फेकलं नव्हतं. त्या काहीच फेकत नसत. गणित, सकाळी दहा ते साडेबारा, मुलीचा परीक्षा क्रमांक, आणि समोर निळ्या शाईतली वळणदार सही. माझ्या रजिस्टरात त्याच दिवशी, अकराच्या आत, तीच मुलगी मॅजिस्ट्रेटपुढे गुन्हा कबूल करत उभी होती. मी त्या टेबलावर मूठ आपटली. हेडमिस्ट्रेसबाई म्हणाल्या, “इथे आवाज करायचा नाही.” मी लगेच माफी मागितली.

हजेरीपत्रक रीतसर पंचनामा करून ताब्यात घेतलं आणि पुन्हा आवडी गाठली. ह्या खेपेला मी प्रश्न विचारलाच नाही. एट्टय्यांच्या पुढ्यात एका बाजूला ते पत्रक ठेवलं, दुसऱ्या बाजूला रजिस्टराची नक्कल. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचलं. मग कॉफीचा पेला उचलला. दोन्ही हातांनी.

“पोरगी पास झाली का?” त्यांनी विचारलं.

“झाली. नर्स व्हायला निघाली आहे.”

“माझी मुलगी त्याच वर्षी परीक्षेला बसली होती, सार. घरी ती गणिताला घाबरून रडत होती. आणि इथे ही पोर कोठडीपाशी उभी राहून सिद्धता पुटपुटतेय. कोर्टात नेली असती तर पेपर गेला असता, वर्ष गेलं असतं, आणि पोलिसात गेलेली म्हणून लग्नही गेलं असतं. सोडून दिली. पण तुम्ही फोनवर दहा सांगून मोकळे झाला होता. नऊ कुठून सांगणार? वरून विचारलं असतं, दहावी कुठे गेली? तुम्ही नवे होता. मी म्हटलं, साहेबही वाचतील, पोरगीही वाचेल. त्याच रात्री मुचलक्यावर पानवालीचा अंगठा घेतला, सकाळी तिलाच उभी केली, दंड मीच दिला. कुणाचं काय बिघडलं, असं वाटलं तेव्हा.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तुम्ही फार खुशीत होता, सार.”

मला हसूही आलं आणि लाजही वाटली. त्यांनी केलं ते दयेपोटी, ह्याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. पण दया करून त्यांनी त्या पोरीच्या नावावर एक गुन्हा लिहून ठेवला होता आणि तिला पत्ताही लागू दिला नव्हता. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, “जबाब द्यावा लागेल. पेन्शनचं मी काही कबूल करू शकत नाही.”

“आणि तुमचं?”

“माझा जबाब तुमच्या आधी लिहिला आहे.”

त्यांनी सुनेला हाक मारली, “माझं पेन आण गं.”

राहिली पानवाली. ती कोर्टाच्या फाटकाशीच सापडली. भेदरणं तिला माहीतच नव्हतं. “नाव कुठलं होतं ते कसं आठवेल, सार? मी कितीजणींच्या नावाने चुकले आहे!” तिचा अंगठा घेऊन ठशांच्या तज्ज्ञांकडे धाडला. मुलीचाही धाडला. आठवड्याने उत्तर आलं : मुचलक्यावरचा अंगठा पानवालीचा, मुलीचा नव्हे. ते उत्तर वाचून दाखवलं तेव्हा सगळ्या ठाण्याने टाळ्या वाजवल्या. कोठडीतल्या एका पाकीटमारानेही वाजवल्या, का ते त्यालाच ठाऊक.

सगळे कागद मी वरिष्ठांकडे आणि मॅजिस्ट्रेटकडे पाठवले, माझ्या जबाबासकट. मॅजिस्ट्रेटनी प्रकरण वरच्या कोर्टाकडे धाडलं आणि वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली. एट्टय्यांना वय आणि कबुली बघून खात्याने कडक शब्दांत ताकीद दिली, पेन्शनला हात लावला नाही. पानवालीला कोर्टाने समज देऊन सोडलं, पण फाटकाशी बसायला मनाई केली. ती समोरच्या फूटपाथवर जाऊन बसली. माझ्या सेवापुस्तकात शेरा आला : न तपासता सही केली. बढतीच्या यादीतून नाव खाली सरकलं.

ह्या सगळ्यासाठी कौन्सिलने मुलीचा अर्ज थांबवून धरला होता. शेवटच्या बैठकीला मलाही साक्षीला बोलावलं. टेबलामागे तिघं. अध्यक्ष म्हणून एक वयस्क डॉक्टर, बाजूला एक मेट्रन, आणि सेक्रेटरी. मुलगी समोर उभी. मी थोडक्यात सगळं सांगितलं, स्वतःच्या सहीसकट. सेक्रेटरींनी वरच्या कोर्टाचा हुकूम वाचला आणि मग भल्या मनाने एक कोरा अर्ज मुलीपुढे ठेवला.

“आता तुमच्या नावावर काहीच उरलेलं नाही. अटकेची वेगळी नोंदही ठाण्यात नाही. हा नवा अर्ज भरा. त्या रकान्यात ‘नाही’ लिहा, जुना आम्ही काढून टाकतो. जन्मभर कुणी विचारणार नाही.”

मी मनात म्हणालो, घे बाई, घे. तू जिंकलीस.

मुलीने कोरा अर्ज हातात घेतला, वाचला, आणि सेक्रेटरींपुढे परत ठेवला.

“अटक झाली होती, सर. शिक्षा झाली नव्हती. मी तेच लिहिलं होतं. आता ‘नाही’ लिहिलं तर ह्या अर्जावर पहिल्यांदा खोटं लिहीन.”

सेक्रेटरींचा चेहरा पडला. मेट्रनबाई खिडकीकडे बघू लागल्या. अध्यक्षांनी तिचा जुना अर्ज ओढून घेतला, तो रकाना पुन्हा एकदा सावकाश वाचला, आणि पेनचं टोपण काढलं.

“हिला दुसऱ्या वॉर्डात कुणी घेत नसेल,” ते मेट्रनला म्हणाले, “तर माझ्या वॉर्डात पाठवा.” आणि त्यांनी सही केली.

बाहेर आई भिंतीला टेकून बसली होती. मुलीने परवान्याचा कागद तिच्या हातात दिला. बाईला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिने शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, “खरेंच दिलें काय? लिहिलें असूनही दिलें?”

“लिहिलें म्हणूनच दिलें, अम्मा,” मी म्हणालो. बाईने लेकीला जवळ ओढलं आणि भर कॉरिडॉरमध्ये हसत रडू लागली. माझे डोळेही कोरडे राहिले नाहीत. गणवेशात होतो, म्हणून टोपी सारखी केल्यासारखं केलं.

पोलिसाला सगळं जग काहीतरी लपवतंय असं वाटण्याची सवय लागते. मी ती मुलगी पाहीपर्यंत समजत होतो, की जो लहान गोष्ट कबूल करतो तो मोठी लपवतो. असे लोक भरपूर आहेत, मला नंतरही भेटले. पण ज्यांना लपवायचं काहीच नसतं आणि तरी जे स्वतःचं वाकडं झालेलं लिहून देतात, अशीही माणसं असतात. कागद आणि माणूस यांत तफावत दिसली की मी तेव्हापासून आधी कागदाला उलटतपासणीला उभं केलं. त्यातून पुढे आणखी चारपाच जण सुटले.

पुढच्या वर्षी बढतीसाठी पुन्हा फॉर्म आला. त्यातही एक रकाना होता : तुमच्याविरुद्ध कधी शेरा नोंदला गेला आहे काय? हेडक्वार्टरमधल्या एका मित्राने हळूच सांगितलं, जुनं सेवापुस्तक कोण चाळतंय, ‘नाही’ लिही. मी ‘होय’ लिहिलं आणि जागा पुरेना म्हणून मागच्या पानावर सगळी हकिगत लिहिली, दहा बायकांसकट. मुलाखतीला बसलेल्या साहेबांनी ती मोठ्याने वाचली, वाचता वाचता हसले, आणि मला इन्स्पेक्टर केलं.